आधी नमुना दाखवा

शहापूरहून मुरबाडचा रस्ता धरला की सापगाव लागतं. तिथे भातसा नदीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे जे फ्लेक्स लटकत असतात, ते गाडी थांबवून नीट वाचावेत अशी आमची शिफारस आहे. (गाडी मुद्दाम थांबवावी लागणार नाही, रस्ता ती व्यवस्था करतो.) एका फ्लेक्सवर विशीतल्या एका तरुणाला ‘कार्यसम्राट’ म्हटलेलं असतं. त्याने अजून ग्रामपंचायतीचा अर्जही भरलेला नाही, पण एकदा सम्राट झाल्यावर सदस्य कशाला व्हायचं? खाली शुभेच्छुकांचे फोटो, निम्मे काळ्या चष्म्यातले. त्याखाली सौजन्य म्हणून एका टायरवाल्याचं नाव, आणि कोपऱ्यात छापणाऱ्याचा मोबाइल नंबर. बॅनर ज्या दोरीने बांधला ती दोरी देणाऱ्याचाही उल्लेख कधीकधी असतो. ज्याने मजकूर लिहिला त्याचा नसतो.

तो मजकूर बहुधा आमच्या पुतण्याचा असतो.

पुतण्या मराठी घेऊन बी.ए. झाला आणि त्याने ‘फ्रीलान्स लेखक’ होण्याचं ठरवलं. घरात याचा अर्थ ‘अजून कुठे लागला नाही’ असा घेतला गेला. वहिनी पाहुण्यांना ‘तो कंप्युटरवर असतो’ एवढंच सांगतात. मग एके दिवशी तो आमच्याकडे आला. चेहरा असा, की आम्हाला वाटलं पैसे मागतोय.

“काका, पोर्टफोलिओ मागतात.”

“कोण?”

“सगळेच. म्हणतात, आधी काय लिहिलंय ते दाखव. ते दाखवलं की काम देऊ.”

“आणि काम मिळाल्याशिवाय दाखवणार काय?”

“तेच तर.”

आम्ही त्याला धीर दिला. ज्याने तहसील कचेरीत रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला नेऊन दाखवलाय, त्याने असल्या कोड्याला भिऊ नये. शिवाय त्याच्याकडे लेखन काही कमी नव्हतं. आम्ही त्याला एक जुनी फाइल आणून दिली आणि सगळं तीत लावायला बसवलं.

पहिली आली ती लग्नपत्रिका. या साहित्यप्रकाराकडे समीक्षकांनी केलेलं दुर्लक्ष अक्षम्य आहे. आमच्या भागात पत्रिकेत अख्खी भावकी येते, मामांकडचे येतात, हळदीचा कार्यक्रम वेगळा येतो, आणि एखाद्या चुलत्याचं नाव वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीत गेलं तर तो मांडवात येऊन न जेवता जातो. आणि न जेवता गेला हे पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतो. पुतण्याने एका पत्रिकेत समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यावरून बोलणं तुटलेल्या दोन सख्ख्या भावांना ‘आपले नम्र’ म्हणून एकाच ओळीत बसवलं होतं. दोघांनाही वाटलं, आपलंच नाव आधी आहे. हे त्याने कसं साधलं ते आम्ही विचारलं नाही. पण संपादनाचं काम मागायला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं असेल?

त्याखालोखाल टेनिस बॉल क्रिकेटच्या भव्य सामन्यांचं पत्रक, ज्यात ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य त्याने अनुभवावरून दोनदा टाकलं होतं. मग ग्रामसभेचं इतिवृत्त. हे आमच्या मते त्याचं सर्वोत्कृष्ट कथालेखन. कोरम नसलेल्या सभेत इतकी सखोल चर्चा घडवणं सोपं नाही. मग ‘वरील विषयास अनुसरून’ने सुरू होणारे, रोहित्र जळाल्याबाबतचे, रस्त्याबाबतचे आणि रस्त्याबाबत आधी दिलेल्या अर्जाचं काय झालं याबाबतचे अर्ज. आणि श्रद्धांजल्या. श्रद्धांजलीत त्याचा हात कुणी धरणार नाही. गावात ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं तेही गेल्यावर ‘मनमिळाऊ’ झाले, ते याच्यामुळे.

ही फाइल घेऊन तो ऑनलाइन भेटणाऱ्या एका मार्गदर्शकाकडे गेला. हे मार्गदर्शक लेखन करून पैसे कसे मिळवावेत ते शिकवतात आणि शिकवण्याचे पैसे मिळवतात. त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं: नमुने मोजके ठेवा, तीन ते पाच, सगळ्यात चांगला आधी, ज्या प्रकारचं काम हवं त्याच प्रकारचे नमुने, आणि कुणी छापत नसेल तर आपल्याआपण विषय घेऊन लिहा. एवढ्या चार गोष्टी आम्ही त्याला चहावर सांगितल्या असत्या. पण फाइल पाहून ते म्हणाले, यातलं काहीच चालणार नाही, कारण एकावरही तुझं नाव नाही.

मुद्दा बिनतोड होता. लेखक तूच कशावरून? पुरावा म्हणून त्या कार्यसम्राटालाच विचारावं, तर तो म्हणणार, मजकूर मीच सुचवला.

नावच हवं असेल तर मराठी साहित्यात कोण-कोण या चाळणीतून खाली पडतं, तेही पाहून घ्यावं. केशवसुत १९०५ साली गेले. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलेल्या ओव्या त्या गेल्यावर अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. आजच्या कंटेंट एजन्सीने बहिणाबाईंना ‘कृपया लिंक पाठवा’ असा मेल केला असता. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ वगैरे मंडळींनी मात्र कुणाच्या दारात नमुने घेऊन उभं न राहता ‘शब्द’ नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक स्वतःच काढलं. कोलटकर पुढे जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले कलादिग्दर्शक झाले, म्हणजे पोर्टफोलिओही त्यांच्यापाशी होता. पण तो चित्रांचा, आणि पगार त्याचा मिळे.

पुतण्याने विचारलं, “काका, दिवाळी अंकात पाठवू?” १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवोदितांची ही हक्काची जागा. त्याने तालुक्यातल्याच एका अंकाला कथा पाठवली. संपादकांचा लगेच फोन आला. कथा उत्तम आहे म्हणाले, फक्त सोबत एक पान जाहिरात आणा. अर्ध्या पानाची आणली तर कथाही अर्धी छापणार का, असं त्याने विचारायला नको होतं.

मग त्याला पहिलं ‘खरं’ गिऱ्हाईक भेटलं. एक प्लॉटवाला. शहापूर-मुरबाड पट्ट्यात सध्या भातापेक्षा प्लॉटचं पीक जोरात आहे. ज्या माळावर गुरं चरायला जात नव्हती, तिथे कमान उभारून ‘सेकंड होम’ विकायला काढतात. या प्लॉटवाल्याला माहितीपत्रक हवं होतं. पैशांचं विचारताच त्याने आपुलकीने पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे बाळा, सध्या बजेट नाही. पण तुझ्या पोर्टफोलिओत भर पडेल ना! हजारो लोक वाचतील.”

पुतण्याने लिहिलं. पहिला मसुदा परत आला. ‘सापगाव’ हे नाव काढा, गिऱ्हाईक दचकतं, ‘शहापूरजवळ’ घाला. दुसरा आला: मोर घाला. तिसरा: चुलीवरची भाकरी घाला, पण धूर नको. समृद्धी महामार्गापासून दहा मिनिटं घाला. (१० मिनिटं खरीच आहेत, पण ती मोराची, मोर उडतो.) आणि शेवटी, ठळक अक्षरांत: ‘बारमाही मुबलक पाणी’.

इथे पुतण्याची लेखणी अडली. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. तानसा इंग्रजांनी १८९२ साली पुरं केलं. आणि आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा. आमच्या पाण्यावर मुंबईच्या विसाव्या मजल्यावरची बाग फुलते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या वरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात. त्याची आत्या अशाच एका पाड्यावर दिली आहे. तिचा आदल्याच दिवशी फोन आला होता, की टँकर दोन दिवस आला नाही, तू तहसीलदारांना अर्ज लिहून दे.

त्याने दोन्ही कामं एकाच रात्री केली. एका कागदावर बारमाही मुबलक पाणी, दुसऱ्यावर तीव्र पाणीटंचाईबाबत. शैली दोन्हींत उत्तम होती. त्याने चुकून कागदांची अदलाबदल करावी अशी आमची फार इच्छा होती, पण पोरगं नीटनेटकं निघालं.

प्लॉटवाल्याने कळवलं: नमुना पसंत पडला नाही, पुढच्या वेळी पाहू. पुढच्याच आठवड्यात आसनगाव स्टेशनकडे जाताना रस्त्यावर पाटी दिसली. मोर, भाकरी, दहा मिनिटं, सगळं शब्दशः. फरक एकच, ‘मुबलक’चं ‘अतिमुबलक’ केलं होतं. तेवढ्या दोन अक्षरांपुरतं ते त्यांचं स्वतंत्र लेखन मानायला हवं.

आता कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कायदा लेखकाच्या बाजूने आहे, आणि बहुधा म्हणूनच तो कुणी उघडत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, सहीनिशी. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची. कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. सही तर झालेलीच नाही. म्हणजे पाटीवरचा तो मोर अजूनही पुतण्याच्या मालकीचा आहे. फक्त त्याला पिंजऱ्यात आणायला वकील लागेल, आणि वकील नमुन्यादाखल फुकट केस चालवत नाहीत. पैशांबाबत २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, लेखनासारखी सेवाही तीत बसते. नोंदणी करून काम दिलं तर गिऱ्हाइकाने फार तर ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ पासून खास फ्रीलान्सरांसाठीच कायदा लागू केला: करार लेखी, आणि तारीख ठरली नसेल तर ३० दिवसांत पैसे. आम्ही हे सगळं पुतण्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, “काका, पण ‘पोर्टफोलिओत भर’ किती दिवसांत चुकती करायची असते?”

आमचं मत विचाराल, तर या तालुक्यातला सर्वांत यशस्वी फ्रीलान्स लेखक तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसलेला असतो. त्याच्याकडे वेबसाइट नाही, नमुने नाहीत, स्वतःची ‘ओळख’ घडवण्याची त्याला फुरसत नाही. गिऱ्हाईक येतं, तो विषय विचारतो, पैसे हातावर घेतो आणि मगच टोपण काढतो. ‘एक अर्ज फुकट लिहून दाखवा, मंजूर झाला तर पुढचे सात-बारे तुम्हालाच’ असं त्याला कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. एकाने म्हणून पाहिलं असावं. त्याचा फेरफार अजून प्रलंबित आहे.

पुतण्या एक दिवसभर त्याच्या टेबलाशेजारी बसून आला. परत आला तो वेगळाच. मुंबईच्या एका एजन्सीने त्याच्या लेखावर शेरा मारला होता की मराठी फारच शुद्ध आहे, हे यंत्राने लिहिलेलं वाटतं, चार चुका घालून पाठवा. एरवी त्याने रात्रभर बसून चुका घातल्या असत्या. या वेळी त्याने प्रत्येक चुकीचा दर कळवला.

मग त्याने फाइलमधून तीनच गोष्टी निवडल्या. एक, आत्याच्या पाड्यावरच्या टँकरवर स्वतःहून लिहिलेला लेख, तारखांसकट. दोन, म्हसाच्या जत्रेतल्या बैलबाजारात सौदा कसा ठरतो त्यावरचा. तीन, दोन भावांची ती पत्रिका, दोघांची परवानगी घेऊन. दोघांनीही परवानगी दुसऱ्याला न सांगण्याच्या अटीवर दिली. तिन्हींवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत. आणि फ्लेक्सच्या दुकानात दरपत्रक चिकटवलं. वाढदिवस, एवढे. श्रद्धांजली, थोडी जास्त, कारण घाई असते. विशेषणं पहिली दोन मोफत, पुढे नगावर. ‘कार्यसम्राट’ला वेगळा दर, ‘भावी आमदार’ला त्याहून चढा. ‘निष्ठावंत’ निवडणुकीच्या हंगामात मिळणार नाही. सगळे पैसे आधी.

श्रद्धांजलीवाल्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. वाढदिवसवाले कुरकुरले आणि दोन विशेषणांवर आले; रस्त्यावरचे फ्लेक्स एकदम वाचनीय झाले.

मागच्या पंधरवड्यात एका नेत्याचं बोलावणं आलं. नाव घेत नाही. त्यांचं नाव पुलावर आहेच. त्यांना आत्मचरित्र लिहून हवं होतं, दोनशे पानांचं, जन्मापासून टोलनाक्याच्या आंदोलनापर्यंत. पुतण्याने दर सांगितला. साहेब हसले.

“अरे, पैशाचं काय घेऊन बसलास? माझं पुस्तक म्हणजे तुझ्या पोर्टफोलिओत केवढी भर!”

“चालेल साहेब,” पुतण्या म्हणाला. “फुकट लिहितो. फक्त मुखपृष्ठावर ‘लेखक’ म्हणून माझं नाव टाकू.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पीएकडे पाहिलं.

“याला आत्ताच्या आत्ता अर्धे देऊन टाक. रोख.”