फोटोचे पैसे कोणी दिले?

कोल्हापुरात हल्ली एखाद्या नव्या हॉटेलात गेलं की तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या येण्याआधी भिंतीवरचं ‘जुनं कोल्हापूर’ समोर येतं. पिवळट फोटो, फेटे, हत्ती, मारलेला वाघ, शिकारीचा चित्ता. शाहू जयंती जवळ आली की असेच फोटो डिजिटल फलकांवर आणि व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. खाली ओळ ठरलेली: काय तो काळ! मला या ओळीचा राग येतो. काळ एवढाच नव्हता. त्यातल्या ज्यांना फोटो परवडला, तेवढेच आपल्यापर्यंत पोचले.

स्टुडिओ हा धंदा होता आणि धंदा गिऱ्हाईक बघून चालतो. घरातला एखादा जुना फोटो उजेडात धरून नीट बघा. मागे रंगवलेला पडदा: खांब, जिना, पलीकडे बाग. शेजारी कोरीव पायांचं टेबल, त्यावर फुलदाणी आणि एक जाडजूड पुस्तक. नऊवारीतल्या पणजीचा हात खुर्चीच्या पाठीवर. यातली पणजी तेवढी आपली, बाकी सगळं स्टुडिओचं. तेच पुस्तक शेजारच्यांच्या पणजीजवळही असणार. तिला वाचता येत होतं की नाही, ते फोटो सांगत नाही. ती हसत नाही, ती काही करारी होती म्हणून नव्हे. हललं की फोटो बिघडायचा, पैसे पाण्यात जायचे, म्हणून तिला श्वास रोखून उभं केलं होतं. त्या आवळलेल्या ओठांवरून आपण ‘जुनी माणसं शिस्तीची’ असं नातवंडांना खुशाल ऐकवतो.

शाहू महाराजांचंच घ्या. नाव काढलं की डोळ्यांपुढे दरबारी पोशाख येतो, दागिने येतात. आणि नोकऱ्यांत मागासलेल्या जातींसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम? जातीजातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहं? अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात सगळ्यांदेखत घेतलेला चहा? ज्या कामांमुळे हा राजा मोठा, ती आपल्या कानांवर आहेत, डोळ्यांपुढे नाहीत. शिकारीच्या फोटोत तर चित्त्याची दोरी धरलेला चित्तेवान चांगला समोर उभा असतो. सगळे चित्ता बघतात. त्या माणसाचं नाव विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

कॅमेरा दुसरीकडे वळवणारा माणूसही याच गावातला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून गाव सोडणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पौराणिक चित्रपटांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्या काळचे बहुतेक मूकपट गेले, तसा तोही गेला. पण गिऱ्हाईक कशाला मिळतं हे धंद्याला तेव्हाच कळलं होतं, आणि आजही हॉटेलवाल्याला भिंतीसाठी वाघच लागतो, कर्जबाजारी कुणबी लागत नाही.

फोटो काढून टाका असं मी म्हणत नाही. लावा, मोठे करून लावा. पण खाली साल लिहा, स्टुडिओ लिहा, फोटो कोणी काढवून घेतला ते लिहा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा छाप असतो, फ्रेम करताना तो कापू नका. खुर्चीत बसलेल्याचं नाव लिहिलंत तर मागे छत्री धरून उभा आहे त्याचंही लिहा, माहुताचं लिहा, चित्तेवानाचं लिहा. नाव मिळालं नाही तर ‘नाव माहीत नाही’ असं मोठ्या अक्षरांत छापा. ते वाचून एखाद दिवशी जेवायला आलेला कुणी म्हातारा हात धुता धुता थांबेल आणि गल्ल्यावर येऊन सांगेल, लिहून घ्या, हा आमचा आजा.