अक्षता कुठे गेल्या?

मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, 1992 सालची. यंदा ती एका दुकानात दिली. 'जुनी कॅसेट एचडी करून मिळेल' अशी पाटी होती. आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह हातात आला आणि अख्खं घर टीव्हीसमोर बसलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री सुरू झाली, मांडवभर हात वर उठले. हवेत काहीच नव्हतं. तांदळाचा एक दाणा पडला नाही.

पुढच्या दृश्यात मामी केसांतून काहीतरी वेचताना दिसते. रिकाम्या केसांतून.

टेप जुनी झाली की चित्रात पांढरे ठिपके चमकतात. एका फ्रेममध्ये दिसतात, पुढच्या फ्रेममध्ये नसतात. सफाई करणारं सॉफ्टवेअर नेमके असलेच ठिपके हुडकून पुसतं. हवेतून खाली येणारी अक्षता त्याच्या लेखी तसाच एक डाग. सफाई जितकी कडक, तितकं लग्न पुसलं जाणार.

अक्षता गेल्या ते एक वेळ सोसलं असतं. पण आजीच्या हनुवटीवरचं गोंदणही गेलं. हिरवट तीन ठिपके, कॅसेटमध्ये पुसट का होईना, दिसायचे. आता तिथे मेणासारखी गुळगुळीत कातडी आहे आणि डोळ्यांभोवती कुणा दुसऱ्याच बाईच्या पापण्या. आजी 1998 साली गेली. हलती-बोलती आजी आमच्याकडे या एका कॅसेटमध्येच आहे.

आता हिशेब मांडू. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीचं व्हिडिओचित्र संगणकात घेतलं की 720 बाय 576 ठिपक्यांचं होतं, म्हणजे 4,14,720 ठिपके. फुल एचडीची चौकट 1920 बाय 1080 ची, म्हणजे 20,73,600. बरोबर पाचपट. फोरके म्हणाल तर वीसपट. पाचातला एक ठिपका कॅमेऱ्याने टिपलेला, बाकी चार भरीचे. त्यात व्हीएचएसची झेप 240 रेषांच्या आसपास, रंगांचा तपशील तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तो एक ठिपकासुद्धा अर्धामुर्धाच.

चित्र मोठं करण्यात स्वतःहून गैर काही नाही. घरातला टीव्ही ते रोज करतो, नाहीतर जुनं चित्र पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटाएवढं दिसलं असतं. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मधली जागा भरायची, हा प्रामाणिक मार्ग. चित्र मोठं होतं, मऊ दिसतं, खोटं बोलत नाही. जुन्या व्हिडिओत सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, एकदा विषम रेषा, एकदा सम. ती नीट जुळवली तर हलत्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसत नाहीत. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचे पैसे जरूर घ्यावेत. मात्र पडदा भरायचा म्हणून 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणायचं, रुंदी एक तृतीयांशाने वाढवायची आणि नवऱ्यामुलाला पिंप करायचं, याचे नकोत.

एआय आलं आणि सरासरीच्या जागी कल्पना आली. लाखो चेहरे पाहिलेलं यंत्र तुमच्या धूसर चेहऱ्यावर 'साधारण असं असेल' ते चढवतं. 2020 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचं ठिपकेदार चित्र दिलं, तर समोर एक गोरा माणूस आला. ठिपके होते त्यांचेच, चेहरा यंत्राचा. 2024 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. जे न्यायालयात चालत नाही ते आजीच्या बाबतीत का चालवून घ्यायचं?

'अहो, इतके जुने सिनेमे फोरके होतात, मग तुमची कॅसेट का नाही?' हे मला दुकानात ऐकवलं गेलं. सिनेमे फिल्मवर आहेत म्हणून होतात. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये तपशील खरोखर असतो, आपण तो आजवर बाहेर काढला नव्हता इतकंच. सत्यजित राय यांच्या अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या आगीत होरपळल्या. त्यातला वाचलेला भाग रसायनांनी मऊ करून स्कॅन केला, जिथे काही उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींतून भर घातली आणि 2015 साली फोरके प्रती पडद्यावर आल्या. 1955 च्या 'पथेर पांचाली'त जळूनही जेवढं शिल्लक होतं, तेवढं 1992 च्या कॅसेटमध्ये न जळताही नाही. वय इथे मोजायचंच नसतं. टिपलं कशावर, ते पाहायचं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दुकानदारांनो, आधी कच्ची प्रत द्या, कसलीही सफाई न केलेली. सजवलेली प्रत वेगळी द्या आणि बिलावर लिहा की यात यंत्राने भर घातली आहे. आणि घरच्यांनो, पेन ड्राइव्ह आला म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका. शिल्लक पैसा एआयवर घालण्याआधी चांगल्या व्हीसीआरवर, त्याच्या हेडच्या सफाईवर, टेपवरची बुरशी काढण्यावर घाला. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 सालीच थांबली. चालू स्थितीतलं यंत्र आज मिळतंय, उद्याचा भरवसा नाही.

मी दुकानात परत गेलो. कच्ची फाइल त्यांच्या संगणकावर अजून होती, ती घेऊन आलो. चित्र धूसर आहे, मामीच्या शालूचा लाल रंग कडेबाहेर सांडलाय, खालच्या पट्टीत टेप थरथरते. अक्षता पडतात. भटजींच्या डोक्यावरही पडतात. आजी पुढे येऊन कॅमेऱ्याकडे बघते तिथे आम्ही चित्र थांबवलं. हनुवटीवरचे दोन ठिपके मोजता येतात. तिसरा कुठे होता ते आईला ठाऊक आहे.