भुयार थेट दमणला निघतं

सिल्वासाला 'दर्शन' असतं, हे किलवणीत राहून मला कधी कळलं नसतं. आमच्याकडे माणसं येतात ती नोकरीला, नाहीतर बाटलीला. तिसऱ्या कारणाने कोणी येत असेल यावर इथे कोणाचा विश्वास नाही. पण माझे साडू डोंबिवलीचे. त्यांच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनी वापीपर्यंत रेल्वे, सिल्वासात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी गाईडसह बस असा बेत आखला आणि ऐनवेळी दोन सीटा रिकाम्या राहिल्या. रिकाम्या सीटचे पैसे बुडणं साडूंना सोसवत नाही. त्यांनी आम्हा दोघांना आग्रहाचं आमंत्रण दिलं. आग्रह पूर्ण होता, सवलत निम्मीच.

जिथे आपण गॅसच्या नंबरसाठी आणि पासबुक भरून आणायला जातो, ते गाव पैसे भरून खिडकीतून बघायचं, हे मला काही पटेना. हिला पटलं. "इतकी वर्षं राहतोय, तुम्ही कधी दाखवलंत का काही?" या प्रश्नावर नवऱ्यांकडे आजवर उत्तर सापडलेलं नाही. तेव्हा सकाळी किलवणी नाक्यावर आम्ही दोघं नटूनथटून उभे राहिलो. ओळखीचा रिक्षावाला दोनदा विचारून गेला, कोणाचं लग्न आहे म्हणून.

गाईड म्हणजे खानवेलकडचा एक वारली पोरगा. घरी वारली, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि बसमध्ये मराठी बोलणारा. माईक त्याच्याहून वयाने मोठा असावा. प्रत्येक वाक्याआधी तो कुईंऽऽ करून किंचाळायचा आणि मागच्या सीटवरच्या एक मावशी दर वेळी "अगं बाई!" म्हणायच्या.

"काका-काकू, हा मुलूख पेशव्यांनी पोर्तुगीजांना नुकसानभरपाईत दिलेला आहे," त्याने सुरुवात केली.

"कसली भरपाई?"

"जहाजाची. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्या सांताना जहाजाची वाट लावली. मग १७७९ला दोस्तीचा तह झाला आणि १७८३ला त्या जहाजापोटी नगर हवेलीतल्या ७२ गावांचा महसूल दिला. दादरा मागाहून, १७८५ला घेतलं."

बस हसली. अगदी मनापासून हसली. "एका जहाजापायी ७२ गावं? पोरा, काहीही ठोकू नकोस," असं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सुनावलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेवढे गंभीर होते. १७७२चं नुकसान आणि १७८३ला भरपाई, म्हणजे क्लेम अकरा वर्षांनी सुटला, हा भाग त्यांना फारच विश्वासार्ह वाटला.

गंमत ही की पोरगा शब्दन् शब्द खरं बोलत होता.

पहिला मुक्काम दादऱ्याची वनगंगा. तळं, मधे बेट, जपानी वळणाचे लाकडी पूल, पायाने हाणायच्या होड्या. इथे पुष्कळ सिनेमांची गाणी झाली आहेत हे खरं. पण गाईडने एका पुलाच्या चौथ्या फळीकडे बोट दाखवून सांगितलं, "याच फळीवरून एक नंबरचा हिरो पाण्यात पडला होता. नाव घेत नाही, घरचे लोक आहेत." कोणता सिनेमा, कोणतं साल, कोणी विचारलं नाही. पुढचा अर्धा तास त्या फळीवर फोटोसाठी रांग होती. याच दादऱ्यात २२ जुलै १९५४ला, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालच्या गोवेकरांनी पोलीस चौकी घेतली. तिथला फौजदार अनिसेतो रोझारियो त्या झटापटीत मारला गेला. मी हे बँकवाल्या काकांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "जरा सरका, फळी दिसत नाहीये."

रांगेचा फायदा घेऊन काकांनी मधेच रस्ता ओलांडला आणि पिशवीत एक बाटली घालून आले. डोंबिवलीपेक्षा स्वस्त मिळाली म्हणून खुशीत होते. आता आमच्या भूगोलाचा एक नमुना आहे. दादरा आणि नगर हवेली यांच्या मधे गुजरातचा एक पट्टा आडवा पडला आहे, लवाछा त्यातच येतं, आणि गुजरातेत दारूबंदी. म्हणजे दादऱ्यात जी खरेदी, ती लवाछ्यात गुन्हा आणि पिपरियात पुन्हा खरेदी. गाईडने हे माईकवरून जाहीर करताच काका पांढरेफटक पडले. लवाछा येईपर्यंत बाटली त्यांच्या मांडीवरून काकूंच्या शालीत, शालीतून डब्यांच्या पिशवीत आणि तिथून साडूंच्या सीटखाली गेली. पिपरिया लागलं तशी ती पुन्हा मांडीवर आली, वर काका मला म्हणाले, "गुजरात अंमळ लांबच आहे, नाही?"

पिपरियाला गाईडने आवाज खाली आणला. "१९५४च्या ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दलाचे लोक इथूनच सिल्वासावर गेले. राजा वाकणकर पुढारी. बरोबर बाबासाहेब पुरंदरे होते. आणि सुधीर फडके."

"कोण सुधीर फडके?" पुढून एक काकू कडाडल्या. गीतरामायणाच्या वर्गाला त्यांनी उभं आयुष्य दिलेलं होतं.

"गाणारे. बाबूजी."

"आमचे बाबूजी? पोर्तुगीजांवर चालून? त्यांना कार्यक्रमांतून वेळ होता का?"

होता. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा मोकळं झालं आणि १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, म्हणजे मधे उणेपुरे आठ महिने. शस्त्रांसाठी पैसा हवा होता म्हणून लता मंगेशकरांनी त्याच वर्षी पुण्यात गाण्याचा कार्यक्रमही केला होता. पण हे सांगितल्यावर काकूंनी गाईडकडे असं पाहिलं की पोरगा गप्प झाला. "दुसरे कोणीतरी फडके असतील," असा निकाल त्यांनी दिला आणि आमच्या ७२ गावांचा स्वातंत्र्यलढा त्या दुसऱ्या फडक्यांच्या नावावर चढला.

मग चर्च आलं. अवर लेडी ऑफ पायटीचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, पांढरंशुभ्र, आत गार. चर्च सुरेखच आहे, पण डोंबिवलीकरांचे चेहरे जेवणाकडे लागले होते. गाईडने ते हेरलं, माईक तोंडाशी नेला आणि कुजबुजला, "इथून एक भुयार आहे. थेट दमणला निघतं."

बस, मंडळी जागी! मुळात दमण समुद्राकाठी, मधे दमणगंगा, वापीची सगळी कारखानदारी, रेल्वेचे रूळ आणि हमरस्ता. पण सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले साहेब मान डोलावत म्हणाले, "तेव्हाचे लोक बांधायचेच. चुना, गूळ, उडदाची डाळ. आज सिमेंटला ती ताकद नाही." "घोडेस्वार जाईल एवढं रुंद," गाईड. "असणारच," साहेब. "आता सरकारने बंद केलंय." "करणारच." बाबूजीवाल्या काकूंनी तर जमिनीला कान लावायचा बाकी ठेवला.

जेवणानंतर बेसिनपाशी मी त्याला गाठलं. "अरे, खरं सांगतोस तेव्हा शिव्या खातोस, मग भुयार कशाला?"

"काका, खरं कोणाला पटतच नाही इथलं," तो हात पुसत म्हणाला. "दर दोन खऱ्या गोष्टींमागे एक भुयार द्यावं लागतं. नाहीतर टिप मिळत नाही. आता बघा, पुढचं आहे ते."

पुढचं म्हणजे बडलानी. बस सुरू होताच पोराने सांगितलं, की १९५४ ते १९६१ या सात वर्षांत हा मुलूख पोर्तुगीजांचाही नव्हता आणि कागदोपत्री भारताचाही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. पोर्तुगीजांच्या उरलेल्या तिकिटांवर शिक्का मारून टपाल चालायचं. मग विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या जोडीने सही करायला कोणीतरी तोलामोलाचं हवं, म्हणून के. जी. बडलानी या आयएएस अधिकाऱ्याला एक दिवसाचा पंतप्रधान केलं. ११ ऑगस्ट १९६१ला दोन पंतप्रधानांनी सह्या केल्या आणि त्यातले एक पुन्हा अधिकारी झाले.

"हा 'नायक' आहे," साडू म्हणाले. "अनिल कपूरचा. मी तीनदा पाहिलाय."

"त्यात मुख्यमंत्री होता."

"मग याने वाढवून सांगितलं."

मला राहवेना. मी उभा राहून हेगचं काढलं. पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीत जायला वाट मिळावी म्हणून १९५५ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला होता. बांधावरून जाण्यायेण्याची वहिवाट तहसीलदारापुढे भांडतात, तसं हे भांडण हेगला भांडलं गेलं. आपल्या बाजूने सेटलवाड उभे राहिले. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालय म्हणालं, की माणसांना आणि मालाला वहिवाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती. शिवाय पेशव्यांनी दिला होता तो महसूल, मुलूख नव्हे. एवढं बोलून मी खाली बसलो. विमावाले झोपले होते. बँकवाल्यांनी विचारलं, "दारूगोळ्यात दारू धरतात का?"

तेव्हा मला युक्ती सुचली. खानवेलच्या रस्त्याला लागल्यावर गाईड म्हणाला, "काका-काकू, नगर हवेलीच्या पोटात गुजरातचं एक गाव आहे, मघवाळ. चारी बाजूंनी आम्ही, मधे गुजरात." मी ताडकन उठलो. "साफ खोटं! मी इथे राहतो. असलं काही नाही इथे."

बस माझ्यावर उलटली. "तुम्हाला काय माहीत?" "तो रोजचा माणूस आहे." "राहणाऱ्यालाच ठाऊक नसतं, आम्हाला तरी डोंबिवलीतलं काय माहीत आहे?" काकूंनी वहीत मघवाळ लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. गाईड आरशातून माझ्याकडे बघून हसला.

वासोण्याला सिंह आहे. जाळीच्या गाडीतून आत नेतात. गीरहून आणलेला हा सिंह झाडाखाली पालथा झोपला होता, शेपटीचा गोंडा धुळीत. "पुतळा आहे," मागच्या मावशी म्हणाल्या. त्याच वेळी सिंहाने माशी उडवायला कान हलवला. "आत मोटार असते," मावशी म्हणाल्या. मी गप्प बसणार होतो, पण आता कामाची सवय लागली होती. "पुतळाच आहे," मी मोठ्याने म्हणालो. "नाही हो," सगळी गाडी एकमुखाने म्हणाली, "धडधडीत जिवंत आहे!" सिंहाने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि मिटला.

खानवेलचा पत्ता मात्र गाईडने माझ्या मदतीशिवाय निभावला. सिल्वासा हातचं जाताना पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो शिपाई घेऊन खानवेलकडे पळाला आणि ११ ऑगस्टला सरहद्दीपलीकडे उदव्याला भारतीय पोलिसांना शरण आला. कप्तान पळाला, एवढं सगळ्यांना लगेच पटलं. पळून जाणाऱ्या साहेबाच्या गोष्टीला पुरावा कोणी मागत नाही.

दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्यात शिकारे आहेत. काश्मीरसारखे गाद्या-पडद्यांचे. मंडळी त्यांत बसून एकमेकांचे व्हिडिओ काढत असताना गाईड किनाऱ्यावर मक्याचं कणीस खात माझ्याशेजारी येऊन बसला. टिपेचं पाकीट आज जाड होतं, त्याने चाचपून दाखवलं.

"काका, दर रविवारी येता का? मागची सीट तुमची. मी खरं बोललो की तुम्ही उठून 'साफ खोटं' म्हणायचं. दुपारचं जेवण आपल्याकडून, संध्याकाळी किलवणी नाक्यावर सोडतो."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने कणसाचा दाणा दाताने सोलत जरा विचार केला.

"शनिवारची बस नसते का?" ती त्याला म्हणाली. "रविवारी ह्यांच्याकडे दळण असतं."