कलमांचा भस्मासुर

आमच्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये भाऊंना कुणी 'वकीलसाहेब' म्हणत नाही, 'डॉक्टर' म्हणतात. आणि म्हणून झालं की चहाच्या कपात तोंड लपवतात. भाऊ कायद्यात पीएच.डी. करतात. 2017 पासून करतात. नियमाची सहा वर्षं संपून पुनर्नोंदणीची दोन सुरू झाली. घराच्या पाटीवर 'अ‍ॅड.'च्या आधी एका अक्षराची नि एका टिंबाची जागा त्यांनी पेंटरकडून मोकळी सोडून घेतली आहे. सध्या तिथं पाल बसते.

भाऊंचं बोलणंसुद्धा तळटिपांसकट. "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" असं वहिनींनी विचारलं, तर म्हणतात, "प्रथमदर्शनी आहे. मात्र आईचं भिन्न मत आहे, तेही नमूद करायला हवं."

पण माणूस चिकाटीचा. पहिला विषय घेतला भारतीय दंड संहितेतलं कलम 497, व्यभिचार. समितीनं सारांश मंजूर केला, दुसरं प्रकरण टाइप होऊन आलं, आणि 27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. भाऊंनी सुतकासारखे दहा दिवस काढले आणि राजद्रोह घेतला. कलम 124अ! टिळकांना मंडालेला धाडणारं मुरलेलं कलम, ते कुठं जातंय? 11 मे 2022 ला न्यायालयानं त्याचा वापर स्थगित केला.

गाईड काकुळतीला आले. "आता असं काही घ्या, की जे कुणाच्या बापाला हलवता येणार नाही." भाऊंनी चारशेवीस घेतलं. जे कलम शिवी होऊन लोकांच्या तोंडी बसलं, ते कोण उठवणार? 1 जुलै 2024 ला 1860 ची अख्खी दंड संहिताच गेली. न्याय संहितेत फसवणूक 318 व्या कलमात जाऊन बसली. 'तीनशेअठरा' म्हटलं तर कुणाला रागही येत नाही.

तेव्हापासून बाररूमनं त्यांचं नाव 'भस्मासुर' ठेवलं. भाडेकरूनं पिडलेले एक घरमालक तर पेढे घेऊन आले, "भाऊ, पुढचा विषय भाडे नियंत्रण कायदा घ्या की!"

भाऊंनी पेढे घेतले, विषय घेतला नाही. त्यांनी शहाणपणानं 'दिवंगत दंड संहितेचा इतिहास' निवडला. मेलेला कायदा पुन्हा काय मरणार?

परवा गाईडांनी सारांश वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "भाऊ, 'दिवंगत' खोडा. जुलैआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्याच संहितेनं चालायचेत. ती जिवंत आहे."

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मग त्या फिर्यादींना आधी कळवायला हवं."