डॉक्टर प्रोसेसमध्ये आहेत

आमच्या शेजारच्या नानांचे चिरंजीव डॉक्टर आहेत आणि सध्या प्रोसेसमध्ये आहेत. हे 'सध्या' बरंच जुनं आहे. मालेगाव कॅम्पात कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर दुकान बघतो, शेती बघतो, ही उत्तरं आता मागे पडली. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हटलं की समोरचा अदबीनं गप्प होतो. कसली प्रोसेस, हे विचारायचं नसतं, कारण ते नानांनाही नीट सांगता येत नाही. नाना घरातसुद्धा मुलाला डॉक्टरच म्हणतात. "डॉक्टर, पाणी तापलंय, आंघोळीला चला," असा आवाज सकाळी भिंतीपलीकडून येतो. गावात डॉक्टरांना डॉक्टर म्हणून हाक मारणारी व्यक्ती तूर्तास ही एकच.

डॉक्टर किर्गिझस्तानचे. म्हणजे मूळचे इथलेच, पदवी तिकडची. बारावीनंतर नीटचे मार्क थोडक्यात कमी पडले. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नाव भाऊसाहेब हिरे यांचं, म्हणजे आमच्या मालेगावचंच. पण नाव पन्नास किलोमीटर जाऊ शकलं, मार्क जाऊ शकले नाहीत. खासगी कॉलेजची फी ऐकून नानांनी डाळिंबाच्या बागेकडे पाहिलं. बागेवर तेल्या रोग आला होता. मग एका मंगल कार्यालयात सेमिनार झाला. निवडणुकीत मोसम पुलाच्या अलीकडच्यांचं आणि पलीकडच्यांचं एका चिन्हावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. पण परदेशातल्या एमबीबीएसच्या सेमिनारला दोन्ही काठ शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात. यंत्रमागवाले हाजीसाहेब आणि डाळिंबवाले नाना एकमेकांना पेन देतात, आधार कार्डाच्या झेरॉक्स मोजून देतात, आणि दोघे मिळून एकच प्रश्न विचारतात : "तिथे जेवायला काय मिळतं?" राष्ट्रीय एकात्मतेवर सरकार एवढा खर्च करतं, त्यापेक्षा दोन एजंट जास्त नेमावेत.

सहा वर्षांनी डॉक्टर परत आले, तेव्हा भारतानं त्यांना विचारलं, आपण कोण? परदेशात शिकून आलेल्यांसाठी २००२ पासून एक चाळणी परीक्षा आहे. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले की पास, वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. बऱ्याच वेळा पाचातला एखादाच त्यातून खाली पडतो. आमचे डॉक्टर पडले. हुशार आहेत, हे मी मनापासून सांगतो. मग इथली वर्षभराची इंटर्नशिप झाली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर मिळाला. आता पाटी लावायची, खुर्ची टाकायची आणि पहिल्या पेशंटला जीभ दाखवायला सांगायची, एवढंच उरलं होतं.

नाना म्हणाले, "नुसता एमबीबीएस?"

हा 'नुसता' फार मोठा आहे. नीट पीजीच्या रँकवर जी शाखा मिळत होती तीत पेशंट भेटत नाहीत, नमुने भेटतात. म्हणून ठरलं की एमडी बाहेरच करायचं. मालेगावच्या मागावरचं कोरं कापड रंगायला थेट राजस्थानात, पाली-बालोतऱ्याला जातं आणि मग चढ्या भावानं विकलं जातं, हे नानांनी लहानपणापासून पाहिलेलं. डॉक्टरांचंही तसंच करू, असा त्यांचा हिशेब. फरक इतकाच निघाला की कापड एकदा रंगलं की रंगलं. डॉक्टरांना मात्र प्रत्येक देश आधी धुऊन पुन्हा कोरं करतो.

बाहेर जाऊन डॉक्टर होण्याची आपली परंपरा जुनी आहे म्हणा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं, तेही त्या अमेरिकेत असतानाच. किती हा गलथानपणा! २०२१ ची नियमावली हाती असती तर दिवाणसाहेबांनी आधी महिने मोजले असते. परदेशी पदवीला किमान ५४ महिने लागतात. बाईंची तीन वर्षंही भरत नाहीत. त्याच विद्यापीठातली बारा महिन्यांची इंटर्नशिप? नाही. नीट? नाही. चाळणी परीक्षा? नाही. अर्ज त्रुटीत. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते आधी डॉक्टर होऊन गेले. हा क्रम आता उलटा झाला आहे.

असो. डॉक्टरांनी पहिल्यांदा अमेरिका धरली. तिकडे परीक्षांना स्टेप म्हणतात. एकेका पायरीला हजार डॉलरच्या आसपास, परदेशातल्या केंद्राचा अधिभार वेगळा. २०२२ पासून पहिल्या पायरीला मार्क मिळत नाहीत, नुसतं पास किंवा नापास. त्यामुळे चांगल्या मार्कांनी उठून दिसण्याची परदेशी पोरांची सोय गेली आणि बाकीच्या कागदांना भाव आला. शिफारसपत्रं अमेरिकन डॉक्टरांचीच हवीत. ती मिळवायला ऑब्झर्व्हरशिप करायची, म्हणजे तिथल्या दवाखान्यात पैसे भरून हात मागे बांधून उभं राहायचं. आमच्याकडे लग्नात जावयाच्या धाकट्या भावाला हे काम फुकट असतं.

मग पर्सनल स्टेटमेंट. एका पानात सांगायचं की मला डॉक्टर का व्हावंसं वाटलं. खरं उत्तर, म्हणजे 'नानांना वाटलं', चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी आजीला मारलं. हे अर्ज सप्टेंबरात जातात, त्यामुळे आजी दर सप्टेंबरात जाते. पहिल्या वर्षी मेडिसिनसाठी अर्ज होता, तेव्हा ती हृदयविकारानं गेली. पुढच्या वर्षी न्यूरॉलॉजीसाठी अर्धांगवायूनं. मग कोणी सांगितलं की सायकियाट्रीला जागा बऱ्या मिळतात, तर तिची स्मृती गेली आणि नातवाचा हात हातात घेऊन ती त्यालाच विचारू लागली, तू कोण? हे वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी आजी ओट्याशी उभी राहून मिरच्या कुटत होती.

ही आजी अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. तेव्हा एकदा ती डॉक्टरांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "तू डाक्टर व्हयी ग्या ना रे बापू? मंग मन्हं बीपी कोन मोजी?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "आजी, थांब, ब्लॉक चालू आहे." ब्लॉक म्हणजे चाळीस प्रश्न, एक तास, घड्याळ लावून. ब्लॉकमध्ये पंचावन्न वर्षांच्या कोणा अमेरिकन ट्रकवाल्याचं बीपी १६० झालं होतं, ते पाहणं तातडीचं होतं. आजीनं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून मोजून घेतलं.

या प्रोसेसची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे पदवीचं वर्ष. पदवी मिळून पाच वर्षं झालेला डॉक्टर नको, असं तिकडची कितीतरी हॉस्पिटलं सरळ लिहूनच ठेवतात. परीक्षा, पत्रं, व्हिसा, अर्जांच्या फेऱ्या धरून प्रोसेसला तेवढीच वर्षं लागतात. पात्र होता होता माणूस अपात्र होतो.

आणि समजा सगळं जमलं, तर व्हिसासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र लागतं. स्टेटमेंट ऑफ नीड. त्यात आपलं सरकार अमेरिकेच्या सरकारला कळवतं की या विषयातल्या डॉक्टरांची आमच्या देशाला गरज आहे. हे कळवल्याशिवाय डॉक्टरला देश सोडता येत नाही. गरज आहे असं लिहून मिळावं म्हणून पोरं दिल्लीच्या पोर्टलवर रोज डोकावतात. ज्यांची गरज आहे असं लिहून मिळतं ते मिठाई वाटतात आणि जातात. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं, अशी अटही त्या व्हिसात आहे. त्यावर तोडगा नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांनी १९९४ मध्ये काढून ठेवला : अमेरिकेतल्याच डॉक्टर नसलेल्या आडगावात तीन वर्षं सेवा करा, परतण्याची अट माफ. म्हणजे ज्या मुलाला सुरगाणा आणि पेठ हे आपल्याच जिल्ह्यातले तालुके आहेत हे नकाशात दाखवावं लागतं, तो नॉर्थ डकोटातल्या खेड्यात आनंदानं ग्रामीण सेवा करतो. पगाराचा भाग आहेच, तो मी नाकारत नाही. शिवाय तिकडच्या दवाखान्यात औषधं असतात.

या अर्जांच्या जुळवणीला मॅच म्हणतात, तिचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. हॉस्पिटलं आणि उमेदवार आपापली पसंती क्रमानं लिहून देतात, संगणक जुळवून देतो. या गणिताच्या मूळ लेखात विवाह जुळवणंही होतं आणि त्या कामासाठी २०१२ मध्ये अमेरिकेच्या रॉथ आणि शॅप्ली यांना नोबेल मिळालं. आमच्या कसमादे पट्ट्यातल्या मध्यस्थ मंडळींना अजून साधा तालुका भूषणही नाही. सोमवारी कळतं जमलं की नाही, शुक्रवारी कळतं कुठे. शुक्रवारी मालेगावात माग बंद असतात, गाव शांत असतं, मोठी बातमी ऐकायला उत्तम दिवस. डॉक्टरांना शुक्रवारची गरज पडली नाही. सोमवारीच भागलं. नाना म्हणाले, "बरंच झालं, तिकडे त्या ट्रम्पनं व्हिसाला एक लाख डॉलर लावलेत." ती २०२५ च्या सप्टेंबरातली फी एच-वन-बीची होती, डॉक्टरांचा अर्ज वेगळ्या व्हिसाचा होता, पण सांत्वनाला एवढी अचूकता लागत नाही.

मग इंग्लंड. तिथली दुसरी परीक्षा जगात एकाच गावी होते, मँचेस्टरला. सोळा खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं, आत रुग्णाचं सोंग घेतलेला नट. कापडगिरण्यांसाठी एके काळी जगप्रसिद्ध असलेल्या गावात जाऊन नटांना तपासायचं, हे मालेगावच्या माणसाला नवं वाटायला नको. शोले आणि सुपरमॅन इथे यंत्रमागवाल्यांनीच पडद्यावर आणले. पोटात दुखल्याचा अभिनय करायला एका मिसळीवर पन्नास जण उभे राहतील. पण केंद्र मालेगावला कोण देणार?

त्या परीक्षेत रोग ओळखण्याइतकंच बोलणं महत्त्वाचं. रुग्णाला विचारायचं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तुमची काळजी काय, आमच्याकडून अपेक्षा काय. डॉक्टरांनी आरशासमोर तयारी केली. हात बसलेला राहावा म्हणून ते तेव्हा एका ओळखीच्या दवाखान्यात दुपारचे दोन तास बसत. दाभाडीकडची एक बाई आली, कडेवर पोर, हातात पिशवी, दोन दिवस ताप. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, डोळ्यांत पाहिलं आणि मृदू स्वरात विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय झालं असेल?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "ते मला कळलं असतं तर केसपेपर कशाला काढला असता?" आणि कंपाउंडरकडे वळून हळूच : "मोठे डॉक्टर कधी येतील हो?"

मँचेस्टर मात्र डॉक्टर पास झाले. तिथल्या नटाला आपुलकी पोचली. अडचण पुढे आली. पास झालेले रांगेनं उभे आणि एकेका जाहिरातीवर शेकडो अर्ज. दारात आलेल्या डॉक्टरांना ताटकळवणं इंग्लंडचं जुनंच आहे. मार्च २००६ मध्ये त्यांनी एका झटक्यात नियम फिरवला, वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाची सोय काढून घेतली आणि आधीच तिकडे पोचलेल्या भारतीय डॉक्टरांनी लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एकेका खोलीत दाटीनं राहून, देवळातल्या प्रसादावर दिवस काढले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडून जिंकली. तोवर बरेच जण घरी परतले होते.

नानांना एक मुलगीही आहे, हे सांगायचं राहिलं. नानाही बहुधा विसरतात. ती धुळ्याहून, सरकारी जागेवर एमबीबीएस झाली आणि बाँडच्या वर्षासाठी सुरगाण्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला विंचू चावलेलं पोर आलं. अंग गार, घाम, छातीत घरघर. तिनं प्राझोसिन दिलं. विंचूदंशावर हे औषध चालतं, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या पेशंटांवर सिद्ध करून लॅन्सेटमध्ये छापून आणलं, ही काही गुप्त बातमी नाही. सकाळी तिनं फोनवर भावाला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "विंचू? तो स्वादुपिंडाला सूज येण्याच्या कारणांत येतो. शेवटून चौथा." अमेरिकन पाठांतरात तो खरंच तिथे येतो.

मी नानांना विचारलं, मुलीचं कसं चाललंय? नाना म्हणाले, "तिचं काय, ती इथेच असते."

आता जर्मनी निघाली आहे. तिकडे म्हणे डॉक्टर कमी पडतात, वयाची फारशी अट नाही, फक्त भाषा यायला हवी. कॅम्प रोडला क्लास निघालाय. डॉक्टर सकाळी डेर, डी, दास म्हणत गच्चीवर फेऱ्या मारतात आणि आजी खालून विचारते, कुणाचं दास? परवा नाना अभिनंदनाचा फलक करायला फ्लेक्सवाल्याकडे गेले. अजून पहिली लेव्हल व्हायची आहे, पण हाजीसाहेबांच्या मुलाचा फलक चौकात आधी लागला तर काय घ्या. फ्लेक्सवाल्यानं जुनी फाइल उघडली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे अमेरिकेचा झेंडा. त्याखालच्या थरात इंग्लंडचा. त्याच्याही खाली किर्गिझस्तानचा. तो म्हणाला, "नाना, फोटो तोच ठेवू ना? मग फक्त झेंडा बदलायचे पन्नास."