गटारकाका

गटारकाका तुमच्याही गावात असणारच. गाव मिनिआपोलिस असो, विनिपेग असो की एडमंटन. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि चार मराठी घरं आहेत, तिथे एक निवृत्त इंजिनिअर असतो आणि त्याला ड्रेनेजचा नाद असतो.

आमच्या मिनिआपोलिसच्या काकांचं खरं नाव आता कुणी घेत नाही. लोक खिशातून नातवंडांचे फोटो काढतात. काका आपल्या सांडपाण्याच्या पाइपाचा व्हिडिओ काढतात. प्लंबरने आत कॅमेरा सोडून केलेलं चित्रीकरण, कोपऱ्यात फुटांचा आकडा पळतोय. ‘सत्तेचाळीस फुटांवर बघा हं,’ असं म्हणत ते तुमच्या श्रीखंडाच्या वाटीला फोन टेकवून ठेवतात. सत्तेचाळीस फुटांवर जुन्या मातीच्या पाइपाच्या सांध्यातून सिल्व्हर मेपलची मुळं आत घुसलेली दिसतात. श्रीखंड तसंच राहतं.

हा व्हिडिओ मी मुंजीत पाहिला आहे, गणपतीच्या आरतीच्या रांगेत पाहिला आहे, एका शोकसभेत चहाच्या वेळी पाहिला आहे. एका डोहाळजेवणात तर मुलीच्या आत्याबाईंनी तो सोनोग्राफीचा समजून ‘नाक आजोबांवर गेलंय’ असं कौतुकाने सांगितलं. काकांनी गंभीरपणे दुरुस्ती केली, ‘आजोबा नव्हेत, मेपल.’

संक्रांतीला ते तिळगूळ हातावर ठेवतात आणि विचारतात, ‘संडास गुडगुडतो का?’ तुम्ही ‘हो’ म्हणालात की संध्याकाळ गेली. एकच बेसिन तुंबलं तर दोष त्या बेसिनचा. सगळीकडचंच पाणी हळू जायला लागलं तर मुख्य पाइप अडलाय, आणि पाणी सगळ्यात आधी बेसमेंटच्या मोरीतून वर येणार, कारण घरातली सगळ्यात खालची जागा तीच. कडाक्याच्या थंडीत नुसतीच गुडगुड आणि वास असेल तर मान वर करायची: ड्रेनेजची दमट वाफ छपरावरच्या व्हेंट पाइपाच्या तोंडाशी गोठत जाते आणि पाइपाचा श्वास कोंडतो. हे सांगताना काका स्वतःचा श्वास कोंडून दाखवतात. मग 42 आणि 60. घराचा पाया दक्षिण मिनेसोटात 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खोल घ्यायचा, असा राज्याचा नियम; थंडी तेवढी खाली उतरते असं धरलेलं. पण बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी. तुम्ही ड्राइव्हवे खरवडून लख्ख केलात की खालच्या पाइपावरची गोधडी ओढलीत. ‘ओढलीत की नाही?’ आपण मान हलवायची. न हलवून सांगता कुणाला? फोन खिशातच असतो.

कुणी सिंकमध्ये तुपाचं पातेलं विसळायला घेतलं, तर काका दिवाणखान्यातून ओरडतात. वहिनी कागदाने पातेलं पुसून घेतात आणि मनात जे म्हणायचं ते म्हणतात.

या माणसाला टाळायचे सगळे उपाय मी केले आहेत. तरीही गेल्या जानेवारीतली रात्र सांगितली पाहिजे. एक तरुण जोडपं पुण्याचं लग्न उरकून परतलं. पारा उणे वीस फॅरनहाइट. बॅगा टाकून दोघांनी आंघोळी केल्या आणि दोन्ही आंघोळी बेसमेंटच्या मोरीतून परत आल्या. प्लंबर ‘उद्या दुपारी’ म्हणाला. काका गमबूट घालून, पाणी ओढणारा व्हॅक्यूम घेऊन लगेच हजर. आधी नळ सोडायला सगळ्यांना बंदी, मग क्लीनआउटचं, म्हणजे मुख्य पाइप साफ करायच्या तोंडाचं, झाकण हळूहळू सैल करून तुंबलेलं पाणी उपसलं, आणि पहाटेपर्यंत गरम पाण्याची बारीक नळी आत सरकवत बसले.

घर तीन आठवडे रिकामं होतं, पण फर्नेस चालू होती. नव्या धाटणीची फर्नेस आपलं पाणी थेंबथेंब मोरीत सोडते. आंघोळीचा लोट गरम असतो, वेगाने निघून जातो. थेंब मात्र पाइपात जिथे जरा खोलगट भाग आहे तिथे रेंगाळतो, गोठतो, त्यावर दुसरा थेंब बसतो. घरात आंघोळ करणारं कुणी नसलं की पाइप भरत जातो.

तेव्हा कळलं की डिसेंबरात निम्मी आळी भारतात गेली की काकांकडे किल्ल्यांचा जुडगा असतो. रोज घराघरांत जाऊन ते बाथरूमचे गरम नळ सोडतात, सगळे संडास फ्लश करतात, कुंड्यांना पाणी घालतात आणि घरी येऊन एकट्याचा कुकर लावतात. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिथे ड्रेन गोठत नाहीत, म्हणून काकांना तिथे करमत नाही.

त्या पहाटे नळी गुंडाळताना ते गिरगावच्या चाळीबद्दल बोलले. संडास गॅलरीच्या टोकाला, सफाईवाला मागच्या लोखंडी जिन्याने यायचा. ‘चाळीतल्या मांजरांनासुद्धा नावं होती. त्याचं नाव आम्ही कुणी कधी विचारलं नाही.’ माणसाकडून मैला उपसून घेण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली आणखी एक झाला, आणि मॅनहोलमध्ये माणसं अजून उतरतायत, मरतायत. एवढं बोलून काकांनी मोरी जंतुनाशकाने घासायला घेतली. यजमान मदतीला वाकला, तर त्याला म्हणाले, ‘तू झोप, जेटलॅग असेल.’

तेव्हा हिवाळ्यात भारतात निघणार असाल तर कुणाकडे तरी किल्ली ठेवा आणि गरम पाणी सोडायला सांगा. क्लीनआउटचं झाकण बेसमेंटमध्ये कुठे आहे, ते जाण्याआधी शोधा. त्यावर गालिचा ठोकलेला असेल तर तेवढा तुकडा तुम्हीच नीट कापून घ्या. काकांच्या हाती कात्री गेली की ते नक्षी बघत नाहीत.