शिमला ऑफिसपर्यंत सायकलने

डॉक्टर फक्त "साखर जरा वाढलीये" एवढंच म्हणाले होते. सायकल ही घरच्यांची भर. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी सांगवी फाट्याहून निघतो आणि शिवाजीनगरच्या कचेरीत पोहोचतो. प्रवासवर्णन लिहावं एवढं हे अंतर नाही, कबूल. पण हिमालयात जाणारे माकडटोपी घालून निघतात आणि मीही घालूनच निघतो, तेवढ्या नात्यावर लिहितोय.

माकडटोपी बायकोने तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून आणली. रंग वांग्याचा. तिच्यावर हेल्मेट बसत नाही, आणि हेल्मेट बसवलं तर टोपी डोळ्यांवर येते. त्यावर मफलर. मफलरात सोडलेला श्वास वर चढून चष्म्याच्या काचांवर बसतो, म्हणजे मुळा नदीवरचं धुकं पुरेसं नसल्यासारखं मी घरचंही थोडं घेऊन निघतो.

भाचा फिनलंडमध्ये औलूला असतो. तिथली पोरं बर्फातून सायकलने शाळेत जातात. त्याला मी फोनवर सांगितलं, "आज दहा होतं रे!"

"उणे?" त्याने विचारलं.

तेव्हापासून त्याला फक्त वाढदिवसाला फोन करतो.

एका सकाळी मागचं चाक बसलेलं दिसलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. बुडबुडा एकही नाही. "हवा कुठं गेली नाही काका, थंडीनं आखडलीये," तो म्हणाला. माझे गुडघेही त्याच कारणाने आखडले होते, पण त्यांत हवा भरायची सोय त्याच्याकडे नव्हती.

राजीव गांधी पुलावर खरी थंडी भेटते. रात्रभर गार झालेली हवा जड होऊन उताराने नदीकडे येते आणि जलपर्णीवर बसून राहते. मोटारीतल्या माणसाला पुणं सगळं एकाच थंडीचं वाटतं. सायकलवर कळतं, की थंडी शहरात वाण्याने पुड्या बांधल्यासारखी वाटलेली असते. पुलावर मोठी पुडी, औंधच्या दुकानांपाशी छटाकभर, आणि विद्यापीठाच्या झाडांखाली पुन्हा वजनाला चोख. नाक तर पुलावर जे वाहायला लागतं, ते मुळेलाही जमत नाही.

औंधवरून विद्यापीठ चौकाकडे रस्ता चढतो. सायकलवाल्याशिवाय हा चढ कुणाला ठाऊक नाही. अर्ध्यावर मफलर सुटतो, मग टोपी, मग स्वेटर. सगळं कॅरियरच्या चापाखाली. गणेशखिंडीच्या नावातली खिंड शाळेत मी नुसती वाचली होती; ती आता मांड्यांना पाठ झाली आहे. चौक ओलांडला की उतार लागतो, आणि घामेजलेल्या सदऱ्यातून असा वारा शिरतो, की चढावर काढलेलं सगळं पुन्हा अंगावर घ्यावंसं वाटतं. पण उतारावर थांबणं जिवावर येतं. चढून मिळवलेला उतार थंडीच्या भीतीने कोण सोडणार?

शेवटी शिमला ऑफिसचा चौक. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव. पुण्याचं जे किमान तापमान पेपरात छापून येतं, ते इथलं, शिवाजीनगरचं. १९३५च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. त्या दिवशी सायकलने कचेरीत गेलेल्या पुणेकरांना माझा नमस्कार. मात्र तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, उन्हापावसापासून जपून ठेवलेला असतो. त्याला पुलावरून पॅडल मारायला लावा, मग बघू तो किती दाखवतो ते.

याच चौकात सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या मोटारसायकलवरचा, जर्किनातून नुसते डोळे दिसणारा तरुण म्हणाला, "काका, थंडी नाही वाजत?" माझ्या डोक्यातून वाफा निघत होत्या. मी रुबाबात मान हलवली आणि सहज मागे हात नेला. मफलर होता, स्वेटर होता. टोपी नव्हती. उतारावर कुठेतरी पडली असणार.

संध्याकाळी घरी तिच्याबद्दल चौकशी झाली. कचेरीत विसरली, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गणेशखिंड रस्त्यावर एका फाटकापाशी रात्रपाळीचा वॉचमन वाळलेल्या पानांची शेकोटी करून बसला होता. शेजारी राखेत कुत्रं. वॉचमनच्या डोक्यावर वांग्याच्या रंगाची टोपी, अगदी मापाची. मी सायकल हळू केली. त्याने माझं उघडं डोकं पाहिलं आणि टोपीला हात लावत विचारलं, "काल इथंच घावली. तुमची का, साहेब?"

"छे, छे," मी म्हणालो, आणि पेपरात त्या दिवशी नऊ अंश छापून आलेलं असताना उतारावरून तसाच सुटलो.

रविवारी बायको पुन्हा तिबेटी स्टॉलवर गेली. या खेपेचा रंग पोपटी आहे, आणि खाली बांधायला नाड्या आहेत.